प्रोटीन डेटा बँक आणि तंतुकणिकेच्या पटलातील मेद: एका विनामूल्य सेवेचे परीक्षण

प्रोटीन डेटा बँक ही जगभरच्या संशोधकांनी उलगडलेल्या प्रथिनांच्या त्रिमितीय रचना जपून ठेवणारी आणि त्या कोणालाही विनामूल्य पाहू देणारी सेवा आहे. तिचे उपयोग अनेक आहेत, परंतु येथे मी तिचे परीक्षण एकाच प्रश्नाच्या अंगाने करणार आहे. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकेच्या (मायटोकॉन्ड्रियाच्या) आतील पटलातील प्रथिने भोवतालच्या मेदाशी कशी बांधलेली असतात, हे समजून घेऊ पाहणाऱ्या सांगली-मिरजेकडच्या एम.एस्सी.च्या विद्यार्थ्याला ही सेवा कितपत उपयोगी पडते, हा तो प्रश्न. मी सांगलीत पदव्युत्तर वर्गांना जीवरसायनशास्त्र शिकवते आणि हा विषय शिकवताना वर्गात याच सेवेचा आधार घेते. माझे मत आधीच नोंदवते: या विषयासाठी याहून चांगले साधन मला माहीत नाही. मात्र तेथील नोंद कशी वाचायची हे न शिकवता ती विद्यार्थ्याच्या हाती दिली, तर तो काही ठाम आणि चुकीचे निष्कर्ष घेऊन उठण्याची शक्यता फार मोठी आहे.

अशा साधनाची गरज पाठ्यपुस्तकातील चित्रामुळे निर्माण होते. पदवीच्या वर्गापर्यंत आपण जे पटल काढायला शिकतो, त्यात गोल डोके आणि दोन शेपट्या असलेले मेदाचे एकसारखे रेणू दोन ओळींत उभे असतात आणि मधूनमधून प्रथिनांचे मोठे ठोकळे तरंगत असतात. काम करते ते प्रथिन, आणि मेद म्हणजे त्याला राहण्यापुरती दिलेली जागा, अशी समजूत त्यातून विद्यार्थ्याच्या मनात पक्की होते. तंतुकणिकेच्या आतील पटलाला हे चित्र मुळीच लागू पडत नाही. त्या पटलाच्या वजनातला सुमारे तीनचतुर्थांश भाग प्रथिनांचाच असल्यामुळे तरंगायला मोकळी जागा फारशी उरत नाही, आणि जो मेद उरतो तो एकसारखा नसतो. फॉस्फॅटिडिलकोलीन आणि फॉस्फॅटिडिलइथेनॉलअमीन या फॉस्फोलिपिडांच्या (फॉस्फेटयुक्त मेदांच्या) जोडीला तेथे कार्डिओलिपिन असते, आणि आतील पटलाच्या फॉस्फोलिपिडांपैकी साधारण पाचवा हिस्सा त्याचा असतो. त्याच्या एका रेणूत तीन ग्लिसरॉल, दोन फॉस्फेट आणि मेदाम्लांच्या चार साखळ्या असतात. मेरी पँगबॉर्न यांनी १९४०च्या दशकाच्या आरंभी बैलाच्या हृदयातून तो वेगळा केला, आणि मिरजेच्या रक्ततपासणी प्रयोगशाळांत रोज होणाऱ्या, उपदंश (सिफिलिस) शोधणाऱ्या व्हीडीआरएल चाचणीच्या प्रतिजनात आजही तो असतो. म्हणजे ज्या पदार्थाची बाटली आपल्या तंत्रज्ञांच्या शीतकपाटात आहे, त्याचे शरीरातले खरे काम आपण विद्यार्थ्यांना क्वचितच दाखवतो.

सेवेचे स्वरूप थोडक्यात सांगते. १९७१ मध्ये अमेरिकेतील ब्रुकहेव्हन राष्ट्रीय प्रयोगशाळेत अवघ्या ७ रचनांनिशी ती सुरू झाली आणि आज तिच्यात दोन लाखांहून अधिक रचना आहेत. २००३ पासून अमेरिका, युरोप आणि जपान येथील केंद्रे मिळून तिचा कारभार पाहतात, आणि तिन्ही संकेतस्थळांवर मूळ माहिती तीच असते. नवी भर दर बुधवारी, भारतीय वेळेनुसार पहाटे साडेपाचला पडते. खाते उघडावे लागत नाही, शुल्क नाही, आणि माहिती वापरण्यावर कोणतेही बंधन नाही. ती आपल्या टिपणांत, प्रश्नपत्रिकेत, भित्तिपत्रकात निर्धास्तपणे घेता येते. प्रत्येक रचनेला चार अक्षरांचा संकेतांक असतो. तो शोधाच्या चौकटीत भरला की त्या रचनेचे पान उघडते, आणि मोलस्टार नावाच्या दर्शकात ती रचना ब्राउझरमध्येच फिरवून पाहता येते. संगणकावर काही उतरवून घ्यावे लागत नाही. ज्या महाविद्यालयांत प्रयोगशाळेतील संगणकांवर नवी प्रणाली बसवायला परवानगीचे अर्ज करावे लागतात, तेथे ही एकच सोय निर्णायक ठरते.

आता मुख्य विषयाकडे वळते. माझ्या मते पहिली उघडावी अशी नोंद आहे ती एडीपी-एटीपी वाहकाची, संकेतांक १ओकेसी. तंतुकणिकेत तयार झालेले एटीपी, म्हणजे पेशीचे ऊर्जावाहक रेणू, बाहेर नेणारे आणि ते वापरल्यावर उरणारे एडीपी आत आणणारे हे प्रथिन. बैलाच्या हृदयातून मिळवलेल्या या प्रथिनाची रचना ईव्हा पेबे-पेरूला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये २.२ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) इतक्या सूक्ष्मतेने उलगडली. कार्बॉक्सीअट्रॅक्टिलोसाइड या विषाने जखडलेल्या अवस्थेत ते येथे दिसते. सहा हेलिक्स (प्रथिनाचे मळसूत्री भाग) पटलाच्या आरपार जातात आणि मॅट्रिक्सच्या, म्हणजे तंतुकणिकेच्या आतल्या पोकळीच्या, बाजूला तीन लहान हेलिक्स पटलाला समांतर पडलेले असतात. नोंदीतील लहान रेणूंच्या यादीत सीडीएल हा तीन अक्षरी संकेत सापडतो, तेच कार्डिओलिपिन. त्यावर टिचकी दिली की मोलस्टार त्या रेणूवर दृष्टी केंद्रित करतो, भोवतालच्या सुमारे पाच अँगस्ट्रॉमच्या आतली अमिनो आम्ले उलगडून दाखवतो आणि हायड्रोजन बंध तुटक रेषांनी आखतो.

येथे विद्यार्थी काय शोधतो आणि त्याला काय सापडते, यातले अंतर मला फार मोलाचे वाटते. कार्डिओलिपिनच्या फॉस्फेटांवर ऋणभार असतो हे त्याला ठाऊक असते, त्यामुळे तो लायसीन किंवा आर्जिनीन या अमिनो आम्लांच्या धनभारित बाजूच्या साखळ्या शोधू लागतो. प्रत्यक्षात फॉस्फेट टेकलेले दिसते ते हेलिक्सच्या आरंभाच्या टोकाशी, जेथे प्रथिनाच्या मुख्य कण्यातील मोकळे राहिलेले नायट्रोजन-हायड्रोजन गट हायड्रोजन बंध देतात आणि हेलिक्सच्या त्या टोकाचा अंशतः धन असलेला भार त्याला साथ देतो. अमिनो आम्लांचा तेथील ठरावीक क्रम वाहकांच्या या संपूर्ण कुळात टिकून राहिलेला आहे. पुढे २०१४ मध्ये एडमंड कुंजी यांच्या गटाने यीस्टच्या वाहकाच्या रचना प्रसिद्ध केल्या, त्यांतही कार्डिओलिपिन मॅट्रिक्सच्या बाजूला याच प्रकारे बांधलेले आहे, आणि प्रथिनाच्या तीन अंगांना तीन रेणू अशी मांडणी तेथे स्पष्ट होते. एक रेणू दोन शेजारच्या भागांना टेकून त्यांना एकत्र धरतो. मार्टिन क्लिंगेनबर्ग यांच्या म्युनिकच्या प्रयोगशाळेने १९८५ मध्येच फॉस्फरसच्या चुंबकीय अनुनादाने या वाहकाला कार्डिओलिपिन घट्ट चिकटलेले असते हे दाखवले होते. ते घट्ट म्हणजे नेमके कसे, हे सांगलीतल्या विद्यार्थ्याला आपल्या भ्रमणध्वनीच्या पडद्यावर बोटाने फिरवून पाहता यावे, याचे मला अजूनही अप्रूप वाटते.

दुसरी नोंद सायटोक्रोम सी ऑक्सिडेजची, संकेतांक २डीवायआर. श्वसनसाखळीच्या (ऑक्सिजन वापरून ऊर्जा मिळवणाऱ्या प्रथिनसंकुलांच्या मालिकेच्या) या चौथ्या संकुलावर जपानमधील शिन्या योशिकावा यांच्या गटाने केलेले काम या विषयातील सर्वांत समृद्ध उदाहरण आहे, आणि मी वर्गात सर्वाधिक वेळ याच नोंदीला देते. २००७ मध्ये त्यांनी या संकुलाच्या प्रत्येक एककाला बांधलेल्या १३ मेदरेणूंची ओळख पटवली: दोन कार्डिओलिपिन, एक फॉस्फॅटिडिलकोलीन, तीन फॉस्फॅटिडिलइथेनॉलअमीन, चार फॉस्फॅटिडिलग्लिसरॉल आणि तीन ट्रायग्लिसराइड. शेवटचे नाव ऐकून विद्यार्थी थबकतात, कारण ट्रायग्लिसराइड म्हणजे साठवणीची चरबी असे ते शिकलेले असतात. पटलातील एका संकुलाच्या अंगात ती बसलेली असेल ही कल्पना त्यांना नसते. या मेदांच्या शेपट्या लवचीक असल्यामुळे प्रथिनांच्या उपएककांमधील वेड्यावाकड्या पोकळ्या त्या पूर्ण भरून काढतात, जसा कृष्णेच्या जुन्या घाटाच्या दगडांच्या सांध्यांत चुना बसलेला असतो. त्यांपैकी चार फॉस्फोलिपिड दोन एककांची जोडी स्थिर ठेवतात.

त्याहून मोठी गोष्ट तिसऱ्या उपएककात आहे. ऑक्सिजन ज्या वाटेने अभिक्रियेच्या केंद्राकडे जातो असे मानले जाते, त्या वाटेच्या लगत फॉस्फॅटिडिलग्लिसरॉलचे रेणू आहेत, आणि त्यांच्यात व्हॅक्सेनिक आम्लाची साखळी आहे. हे आम्ल अठरा कार्बनांचे असून त्याचा दुहेरी बंध अकराव्या स्थानी असतो. गाईबैलांच्या शरीरात विपुल असलेल्या ओलेइक आम्लात तोच बंध नवव्या स्थानी असतो. हाताशी ओलेइक भरपूर असताना या प्रथिनाने व्हॅक्सेनिकच निवडलेले आहे. आणि तंतुकणिकेच्या पूर्वजाशी जवळचे नाते असलेल्या पॅराकॉकस डिनायट्रिफिकन्स या जिवाणूच्या ऑक्सिडेजमध्येही तीच साखळी सापडते. दुहेरी बंध दोन कार्बन पुढे की मागे, इतक्या बारीक फरकाची निवड प्रथिन करते हे ज्याने एकदा पाहिले, त्याला मेद म्हणजे नुसती भर ही समजूत पुन्हा पटणार नाही. त्याच संशोधनात असेही दिसले की एक विशिष्ट रसायन प्रथिनाला बांधले गेल्यावर फॉस्फॅटिडिलग्लिसरॉलच्या दोन पामिटिक शेपट्या सरकून ती वाट अडवतात. त्यावरून ऑक्सिजनच्या प्रवाहावर मेदाचे नियंत्रण असावे असा तर्क लेखकांनी मांडला आहे. हा तर्क आहे, सिद्ध झालेली गोष्ट नव्हे, हे शिकवताना स्पष्ट सांगितले पाहिजे. कार्डिओलिपिन काढून घेतल्यास या संकुलाची कार्यक्षमता सुमारे निम्मी होते आणि ते परत दिल्यास ती भरून येते, हे मात्र प्रयोगांनी स्वतंत्रपणे दाखवलेले आहे.

आमच्या भागासाठी आणखी एका नोंदीचा उल्लेख केला पाहिजे. तासगाव, पलूस, कवठेमहांकाळकडून येणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांच्या घरी द्राक्षबागा आहेत, आणि पावसाळी हवेत डाऊनी या रोगावर फवारल्या जाणाऱ्या ॲझॉक्सीस्ट्रोबिन या औषधाचे नाव त्यांना माझ्याआधी ठाऊक असते. हे औषध तंतुकणिकेच्या तिसऱ्या संकुलातील सायटोक्रोम बी या प्रथिनाच्या एका कप्प्यात जाऊन बसते, आणि १एसक्यूबी या नोंदीत ते बैलाच्या संकुलात बसलेले प्रत्यक्ष दिसते. सायटोक्रोम बीमधील १४३व्या जागेवरचे ग्लायसीन बदलून तेथे ॲलनीन आले की रोगकारकावर हे औषध चालेनासे होते. ती जागाही येथे बोट ठेवून दाखवता येते. एका विद्यार्थ्याने विचारले होते, “मॅडम, औषध त्या कप्प्यापर्यंत पोहोचतं कुठल्या वाटेनं?” या प्रश्नाचे उत्तर पुन्हा मेदाकडेच नेते. ज्या युबिक्विनॉल या इलेक्ट्रॉनवाहक रेणूसाठी तो कप्पा आहे, तो रेणू स्वतः मेदस्नेही आहे आणि पटलाच्या मेदाळ गाभ्यातूनच त्याची ये-जा होते. कप्प्याचे तोंडही त्या गाभ्याकडे उघडते. कॅरोला हुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये यीस्टच्या याच संकुलात प्रोटॉन आत घेण्याच्या वाटेच्या तोंडाशी कार्डिओलिपिन आणि संकुलातीलच रिस्के या प्रथिनाच्या लवचीक भागाजवळ फॉस्फॅटिडिलइनोसिटॉल बसलेले दाखवले आहे. १केबी९ ही ती नोंद या नोंदीच्या शेजारी उघडून ठेवावी.

येथपर्यंत स्तुती झाली. आता या सेवेच्या मर्यादांविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण त्या मर्यादा सेवेच्या कारभारातील नाहीत, तर ती ज्या प्रयोगांवर उभी आहे त्या प्रयोगांच्या आहेत, आणि म्हणूनच त्या पडद्यावर दिसत नाहीत.

पहिली आणि सर्वांत मोठी मर्यादा अशी की येथे दिसतो तो पटलातील सर्व मेद नव्हे. येथे दिसतो तो टिकून राहिलेला मेद. प्रथिन पटलातून वेगळे करताना डिटर्जंट वापरावे लागते, आणि त्या धुलाईत बहुतेक मेद निघून जातो. जे रेणू त्यानंतरही चिकटून राहतात आणि शिवाय प्रत्येक प्रतीत एकाच जागी एकाच ढंगाने बसलेले असतात, तेवढेच क्ष-किरणांच्या किंवा क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या नकाशात उमटतात. जो रेणू येतो, क्षणभर टेकतो आणि निघून जातो, त्याची खूण राहत नाही. एटीपी बनवणाऱ्या एटीपी सिंथेज या प्रथिनसंकुलाचे फिरते चक्र हे याचे उत्तम उदाहरण आहे. पृष्ठवंशीय प्राण्यांत ते आठ उपएककांचे असते आणि प्रत्येक उपएककातील ४३व्या जागेवरच्या लायसीनवर तीन मिथिल गट असतात. २०१६ मध्ये जॉन वॉकर यांच्यासह केंब्रिजच्या संशोधकांनी संगणकीय अनुरूपणाने (सिम्युलेशनने) दाखवले की कार्डिओलिपिन याच लायसीनांशी निवडकपणे बांधले जाते, पण फार थोड्या वेळापुरते. फिरणाऱ्या भागाला कायमचा चिकटलेला मेद अडथळाच ठरला असता, त्यामुळे या क्षणिकपणाला अर्थ आहे. मात्र त्या चक्राची स्थिर रचना उघडून कोणी कार्डिओलिपिन शोधू लागला, तर येथे मेदाचा संबंधच नाही असे त्याला वाटेल.

सायटोक्रोम सी या श्वसनसाखळीतील इलेक्ट्रॉनवाहक प्रथिनाच्या बाबतीत हा धोका आणखी वाढतो. घोड्याच्या हृदयातील सायटोक्रोम सीची १एचआरसी ही नोंद बहुतेक पाठ्यक्रमांत वापरली जाते. त्यातील १०४ अमिनो आम्लांपैकी १९ लायसीन आहेत, आणि त्यांच्या धनभारामुळे हे प्रथिन कार्डिओलिपिनच्या ऋणभारित पृष्ठभागाला टेकते. २००५ मध्ये व्हॅलेरियन कागन यांच्या गटाने दाखवले की कार्डिओलिपिनला बांधले गेलेले सायटोक्रोम सी हे पेरॉक्सिडेज या ऑक्सिडीकरण करणाऱ्या विकरासारखे (एन्झाइमसारखे) वागू लागते आणि कार्डिओलिपिनचेच ऑक्सिडीकरण करते. पेशीच्या नियोजित मृत्यूच्या मार्गावरील हा एक महत्त्वाचा टप्पा मानला जातो. त्या नोंदीत मेदाचा एकही रेणू नाही, कारण स्फटिक बनवताना तो तेथे नव्हताच. नोंदीत नाही म्हणजे पेशीत नाही, असे मानण्याची सवय विद्यार्थ्याला लागू नये यासाठी मी ही नोंद मुद्दाम आधीच्या दोन नोंदींनंतर लगेच उघडायला सांगते.

दुसरी मर्यादा शेपट्यांची आहे. मेदाचे डोके प्रथिनाला बांधलेले असल्यामुळे नकाशात ठळक उमटते, परंतु शेपट्या हलत राहतात आणि जसजसे टोकाकडे जावे तसतशा पुसट होतात. संशोधक प्रामाणिक असल्यामुळे जेवढे दिसले तेवढेच लिहितात, आणि म्हणून अनेक नोंदींत कार्डिओलिपिनच्या चार साखळ्या वेगवेगळ्या लांबीवर तुटलेल्या दिसतात. विद्यार्थ्याला ती रेणूची खरी लांबी वाटते. हा तपशील किरकोळ नाही, कारण शेपट्यांवरच एक संपूर्ण आजार उभा आहे. नेदरलँड्समधील डॉक्टर पीटर बार्थ यांनी १९८३ मध्ये वर्णन केलेल्या बार्थ सिंड्रोममध्ये टाफाझिन या विकरात दोष असतो. हे विकर कार्डिओलिपिनच्या साखळ्यांची अदलाबदल करून त्यांना अंतिम रूप देते. निरोगी हृदयात त्या चारही साखळ्या प्रामुख्याने लिनोलेइक आम्लाच्या असतात. दोष असेल तर तीनच साखळ्यांचे अर्धवट कार्डिओलिपिन साठत जाते, आणि त्याचे पूर्ण कार्डिओलिपिनशी असलेले प्रमाण रक्तात मोजून निदान करता येते. मुलग्यांमध्ये लहानपणीच हृदयाचे स्नायू दुबळे होतात, पांढऱ्या पेशी कमी होतात. या आजारात डोके शाबूत असते, दोष असतो तो केवळ शेपट्यांचा. रचनेच्या चित्रात नेमका हाच भाग अपुरा असतो, हे शिक्षकाने सांगितल्याशिवाय विद्यार्थ्याला कळण्याचा मार्ग नाही.

तिसरी गोष्ट ओळखीची. नकाशात दोन लांब साखळ्यांचा आकार दिसला तरी त्याचे डोके कोलीनचे की इथेनॉलअमीनचे, हे मध्यम सूक्ष्मतेच्या नकाशावरून दर वेळी ठरवता येत नाही, आणि संशोधकाला उपलब्ध पुराव्यावर निर्णय घ्यावा लागतो. योशिकावा यांच्या गटाने साखळ्यांची लांबी आणि दुहेरी बंधांच्या जागा वस्तुमान वर्णपटाने (मास स्पेक्ट्रोमेट्रीने) स्वतंत्रपणे ठरवल्या, म्हणून त्यांच्या १३ नावांवर इतका विश्वास ठेवता येतो. सर्वच नोंदींच्या मागे असे काम नसते. त्यातच नोंदीच्या पानावर लहान रेणूंची यादी एकत्र दिलेली असते. धातूंचे अणू, औषध किंवा विष, पटलातील खरा मेद आणि प्रयोगात वापरलेले डिटर्जंट हे सर्व एकाच तक्त्यात येतात. २डीवायआरच्या यादीत कार्डिओलिपिनच्या सोबतीला डेसिल माल्टोसाइड हे डिटर्जंटही आहे, आणि लांब शेपटीमुळे नवख्या डोळ्याला ते मेदासारखेच भासते. पटलातील मेद वेगळ्या रंगात किंवा वेगळ्या तक्त्यात दाखवण्याची सोय असती, तर या विषयाच्या अभ्यासकांचे काम पुष्कळ सोपे झाले असते. तोपर्यंत प्रत्येक रेणूचे पूर्ण नाव उघडून वाचणे आणि नोंदीसोबत येणाऱ्या पडताळणी अहवालात त्या रेणूची प्रायोगिक नकाशाशी जुळणी किती आहे हे पाहणे, याला पर्याय नाही. हा अहवाल ही या सेवेची सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत प्रामाणिक बाजू आहे. कोणता मेद खात्रीने दिसला आणि कोणता अंदाजाने बसवला, हे त्यातून बऱ्याच अंशी कळते.

सोबतीच्या दोन विनामूल्य सेवांचा उल्लेख करते. मिशिगन विद्यापीठातील ओपीएम ही सेवा प्रथिन पटलात किती खोल आणि कोणत्या कोनात बसते याचे गणित करून लाल आणि निळ्या बिंदूंच्या दोन पातळ्या आखून देते. पटलाची कल्पना येण्यासाठी त्या पातळ्या फार उपयोगी आहेत, परंतु तेथे मेदाचे रेणू नसतात. ऑक्सफर्डची मेमप्रोटएमडी ही सेवा प्रथिनाभोवती मेदाचा दुहेरी थर संगणकात जुळवून दाखवते. मात्र त्यासाठी ती डीपीपीसी हा एकच साधा मेद वापरते, त्यामुळे कार्डिओलिपिनच्या जागा शोधण्यासाठी तिच्यावर विसंबता येत नाही.

भाषेचा प्रश्न राहतो. अमेरिकेच्या केंद्राचे संकेतस्थळ संपूर्ण इंग्रजीत आहे. जपानच्या केंद्राने आपले संकेतस्थळ जपानी भाषेतही ठेवले आहे, आणि त्यामुळे तेथील शाळकरी मुलालाही त्याच्या भाषेत वाट सापडते. मराठीत असे काही नाही. विज्ञान मराठीतून शिकून आलेला विद्यार्थी एम.एस्सी.ला आला की प्रथिन, मेद, पटल, विकर हे त्याचे शब्द एका रात्रीत निरुपयोगी ठरतात, आणि आशयाशी झुंजण्याऐवजी तो पानावरच्या सूचनांशी झुंजत बसतो. यावर उपाय आपल्याच हातात आहे. माहितीवर कोणतेही बंधन नसल्यामुळे निवडक आठ-दहा नोंदींची मराठी टिपणे, चित्रांसह, आपल्या जिल्ह्यातील महाविद्यालयांनी मिळून तयार करणे पूर्णपणे शक्य आहे, आणि ती व्हावीत असे मला मनापासून वाटते. अमेरिकेच्या केंद्राच्या शिक्षणासाठी असलेल्या स्वतंत्र विभागात दरमहा एका रेणूची ओळख करून देणारी लेखमाला आहे, ती डेव्हिड गुडसेल यांनी जानेवारी २००० मध्ये सुरू केली. तशा टिपणांसाठी तो उत्तम नमुना आहे.

ज्यांना लगेच आरंभ करायचा आहे त्यांनी १ओकेसीपासून करावा, कारण ते एकच प्रथिन आहे आणि साध्या भ्रमणध्वनीवरही सहज उघडते. २डीवायआर शक्यतो संगणकावर पाहावे. २०२३ मध्ये टेट्राहायमेना या एकपेशीय जीवाच्या श्वसनसाखळीतील चारही संकुलांच्या एकत्रित महासंकुलाची रचना प्रसिद्ध झाली. त्यात १५० वेगवेगळी प्रथिने आणि त्यांना बांधलेले ३११ मेदरेणू आहेत, आणि या महासंकुलाच्या आकारामुळे पटलाला बाक येतो असे संशोधकांनी दाखवले आहे. ती नोंद भ्रमणध्वनीवर उघडण्याचा प्रयत्न करू नये. प्रयोगशाळेतील चांगल्या स्मृतीचा संगणक घ्यावा, प्रथम प्रथिने फिकट करून घ्यावीत, आणि मग केवळ मेदाचे रेणू ठळक करून पाहावेत.